दार कोणत्या दिशेला?

एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घराचे मुख्य दार कोणत्या दिशेला आहे?

वर्गात हा प्रश्न विचारला, की निम्मे हात पूर्वेसाठी वर होतात, काही उत्तरेसाठी, काही पश्चिमेसाठी. दक्षिण म्हणणारे हात थोडेच निघतात, आणि तेही जरा संकोचाने. कारण आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा मानतात. जुनी माणसे तिकडे दार ठेवायला तयार होत नसत. आजही भाड्याचे घर पाहताना लोक आधी दाराची दिशा विचारतात. दक्षिणेचे चांगले दार भिंत घालून बंद करायचे आणि दुसरीकडे नवे पाडायचे, यासाठी कर्ज काढणारी कुटुंबेही असतात. म्हणजे हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

आता आपण मनाने चीनमध्ये जाऊ. बीजिंगच्या जुन्या वस्तीत चौकाभोवती चार बाजूंनी खोल्या असलेली घरे आहेत. आपल्या वाड्याचीच आठवण यावी अशी. त्यांतील सर्वांत मानाची खोली चौकाच्या उत्तर बाजूला असते आणि तिचे दार उघडते ते दक्षिणेला! घरातील वडील माणसे तेथे राहत. बादशहाही सिंहासनावर बसे तो दक्षिणेकडे तोंड करून. इसवी सन १४०६ ते १४२० या काळात बांधलेला बीजिंगचा प्रचंड राजवाडा दक्षिणोत्तर रेषेवर रचला आहे, आणि त्याची मोठमोठी दालने एकामागून एक दक्षिणेकडे पाहत उभी आहेत.

जी दिशा आपल्याकडे यमाची, तीच चीनमध्ये बादशहाची. दिशा एकच, सूर्य एकच, पृथ्वीही एकच. मग हा फरक कसा पडला?

उन्हाचा हिशेब

प्रथम भूगोलाकडे पाहू. बीजिंग सुमारे ४० उत्तर अक्षांशावर आहे. आमचे पेठ वडगाव सुमारे १६.८ अंशांवर. २१ डिसेंबरच्या आसपास सूर्य विषुववृत्ताच्या २३.४ अंश दक्षिणेला असतो. त्या दिवशी माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती उंच असेल? ९० मधून अक्षांश वजा करा, मग आणखी २३.४ वजा करा. वडगावला उत्तर येते सुमारे ५० अंश, बीजिंगला अवघे २७ अंश.

आता बीजिंगच्या त्या दक्षिणाभिमुख खोलीपुढे अडीच मीटर उंचीवर छपराची वळचण आहे असे समजा. २७ अंशांवरून येणारे ऊन त्या कडेखालून सुमारे ४.९ मीटर आत जाते. उन्हाळ्यात, २१ जूनला, तेथील सूर्य ७३.५ अंशांवर चढतो आणि तेच ऊन फक्त पाऊण मीटर आत येते. म्हणजे वळचण भिंतीच्या पाऊण मीटर पुढे काढली, की माध्यान्हीचे ऊन उन्हाळ्यात उंबऱ्याबाहेर थांबते आणि हिवाळ्यात थेट चार मीटर आत येऊन जमीन तापवते. हिवाळ्यातील बोचरे वारे तिकडे उत्तरेकडून येतात. त्या बाजूला जाड भिंत आणि ऊन येते तिकडे दार, ही मांडणी थंडीने गारठणाऱ्या माणसाला मानवणारच.

आपल्याकडे थंडी ही काही मोठी अडचण नव्हे. आपली अडचण पावसाची आणि मे महिन्याच्या उन्हाची. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य वडगावकरांच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. अशा सूर्याला दार कोणत्याही दिशेला असले तरी सारखेच. त्यापासून वाचवते ते छप्पर. म्हणून आपल्या जुन्या घरांत उतरती कौले, पुढे सोपा, मागे परडे आणि मधे अंधारे पण थंडगार माजघर अशी रचना झाली.

इतके वाचल्यावर तुम्ही म्हणाल, सर, आता कोडे सुटले. प्रत्येक रूढीमागे विज्ञान असते! तर थोडे थांबा. येथेच पुष्कळांची फसगत होते.

कारण खरे की जुळवलेले?

स्वयंपाकघर आग्नेयेला असावे, असे आपल्याकडे मानतात, कारण आग्नेय ही अग्नीची दिशा. याला एक 'शास्त्रीय' कारण चटकन देता येते. आपल्या भागात पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून वाहतात. चूल पूर्वेच्या टोकाला असली, तर धूर घरात न पसरता बाहेर जातो. कसे छान जुळले!

पण वैज्ञानिक नुसते जुळवून थांबत नाही, तो पडताळून पाहतो. कारण वाऱ्याचे असेल, तर वारा बदलला की नियमही बदलायला हवा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर या पावसाच्या दिवसांत वारे ईशान्येकडून येतात. तेथे पूर्वेकडच्या चुलीचा धूर घरात शिरेल. तरीही वास्तुविद्येच्या ग्रंथांतील आग्नेयेचा नियम तेथेही तोच आहे. म्हणजे नियम ठरवला तो वाऱ्याने नव्हे. आठ दिशांचे आठ देव मानले, त्यांत आग्नेय अग्नीकडे आली, आणि अग्नीच्या दिशेला चूल गेली. हे विचारांचे गणित झाले, वाऱ्याचे नाही.

दक्षिणेचेही तसेच. यमाची दिशा दक्षिण ही कल्पना फार जुनी आहे. ती आपल्या घराच्या उन्हापावसाचा हिशेब करून आलेली नाही. चिनी माणसाची दक्षिण मात्र त्याच्या हवामानाशी चांगली जुळते. पण तेथेही ती पुढे केवळ सोयीची राहिली नाही. तिला मान मिळाला, राजाचा अधिकार चिकटला, आणि ऊन येवो न येवो, दालनाने दक्षिणेकडेच पाहावे असे ठरले.

तेव्हा एवढे लक्षात ठेवू. जुनी इमारत दोघांचे ऐकून उभी राहते. एक निसर्ग आणि दुसरी माणसाची श्रद्धा. कोणते कोणाचे, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. सरसकट सगळे विज्ञान म्हणणे चूक, आणि सरसकट सगळे खुळेपणा म्हणणेही चूक.

श्रद्धेने मोजायला शिकवले

आता या गोष्टीची दुसरी बाजू पाहू. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मला ती अधिक मोलाची वाटते.

देवाला पूर्वेकडे बसवायचे, असे श्रद्धेने ठरवले. ठीक. पण पूर्व नेमकी कोठे? सूर्य उगवतो तिकडे, हे उत्तर पुरेसे नाही. कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्योदयाचे स्थान जूनमध्ये पूर्वबिंदूच्या उत्तरेला साडेचोवीस अंश सरकते आणि डिसेंबरमध्ये तेवढेच दक्षिणेला. म्हणजे सूर्य उगवण्याची 'पूर्व' ही वर्षभरात ४९ अंश रुंद पसरलेली आहे! लंडनला तर हा पसारा सुमारे ७९ अंशांचा होतो. मग त्यातील खरी पूर्व कशी काढावी?

आपल्या पूर्वजांनी यज्ञवेदीसाठी याची युक्ती शोधली होती आणि कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे एक सरळ काठी, उभा रोवायचा. त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचे. सकाळी काठीची सावली लांब असते, ती आखडत आखडत वर्तुळाच्या आत येते. दुपारनंतर ती पुन्हा लांबून वर्तुळाबाहेर जाते. सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवले ते दोन बिंदू जोडा. ती झाली पूर्व-पश्चिम रेषा. होकायंत्र नाही, घड्याळ नाही, एक काठी आणि एक दोरी. वेदीची दिशा चुकू नये या काळजीतून भूमितीचा एक सुंदर प्रयोग जन्माला आला.

चीनमध्ये घर, गाव आणि थडगे यांची जागा ठरवणारे जाणकार असत. त्यांच्या विद्येला फंग-श्वे म्हणतात. होकायंत्राचे चिनी नावच 'दक्षिण दाखवणारी सुई' असे आहे. शेन को या चिनी विद्वानाने सुमारे १०८८ साली लिहून ठेवले, की चुंबकावर घासलेली सुई दक्षिण दाखवते खरी, पण ती नेहमी किंचित पूर्वेकडे झुकलेली असते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव आणि भौगोलिक ध्रुव एकाच जागी नाहीत, म्हणून हा फरक पडतो. त्याला आपण चुंबकीय दिक्पात म्हणतो. ती सुई घासणारे लोक जादूटोणा व शकुन जाणणारे होते, असे शेन कोच सांगतो. त्यांच्या सुईतून चुंबकत्वाची एक मोठी गोष्ट हाती लागली.

मशिदीची गोष्टही अशीच. नमाजाची दिशा मक्केकडे असावी लागते. पण हजारो किलोमीटर दूरच्या गावाहून मक्का नेमकी कोठे, हे गोल पृथ्वीवर काढायचे तर गोलीय त्रिकोणमिती हवी. अल् बेरूनीने अकराव्या शतकात गझनी शहरासाठी हे गणित मोठ्या कष्टाने केले. तेच गणित कोल्हापूरसाठी केले, तर मक्केची दिशा पश्चिमबिंदूच्या सुमारे १४ अंश उत्तरेला येते. आपण सहज म्हणतो, मशीद पश्चिमेकडे पाहते. खरे पाहता ती एका शहराकडे पाहते, आणि ते शहर आपल्या पश्चिमेस, थोडे उत्तरेला आहे.

चर्चमधला कवडसा

युरोपातील जुन्या चर्चची वेदी बहुधा पूर्वेला असते. इमारत दिशेनुसार लावण्याला इंग्रजीत जो 'ओरिएंटेशन' शब्द आहे, त्यातील 'ओरिएंट' म्हणजेच पूर्व. तेथेही श्रद्धेला एक अडचण पडली, आणि ती दिशेची नव्हे, तारखेची होती. ईस्टरचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारी धरतात. वसंतसंपात, म्हणजे मार्चमधील दिवसरात्र सारखे होण्याचा क्षण, चुकला तर सण चुकतो.

म्हणून काही मोठ्या चर्चमध्ये छताला एक लहान भोक ठेवून जमिनीवर दक्षिणोत्तर रेषा आखली गेली. कौलाच्या फटीतून माजघरात पडणारा कवडसा तुम्ही पाहिला असेल. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल असतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. इटलीतील बोलोन्या शहराच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये १६५५ साली कॅसिनी या खगोलज्ञाने असा कवडसा पाडला. भोक २७ मीटर उंचीवर होते आणि जमिनीवरची रेषा सुमारे ६७ मीटर लांब.

६७ मीटरच का, हे तुम्हीच काढा. बोलोन्या ४४.५ अक्षांशावर आहे. तेथे २१ डिसेंबरच्या माध्यान्हीला सूर्य २२ अंशांवर असतो. २७ ला २२ अंशांच्या 'टॅन'ने भागले, की ६७ मीटर येतात. वर्षातील सर्वांत लांब कवडसा जेथे पडतो, तेथवर रेषा न्यावीच लागली.

कॅसिनीने सणाच्या तारखेपुरते काम करून सोडले नाही. वर्षभर कवडशाचा आकार मोजून त्याने दाखवले, की सूर्याच्या दिसणाऱ्या गतीतील चढउतार केवळ अंतरातील फरकाने होत नाही, गती खरोखरच कमीजास्त होते. हे केप्लरच्या सिद्धान्ताशी जुळणारे होते. ज्या काळात पृथ्वी फिरते असे उघड म्हणणे धोक्याचे होते, त्याच काळात चर्चच्याच जमिनीवर नव्या खगोलशास्त्राला पुरावा मिळत होता.

अंबाबाईच्या पायांशी सूर्य

असा कवडसा आपल्याला पाहायला मिळतो तो कोल्हापुरात. वडगावहून एसटीत बसून अंबाबाईच्या देवळात तुम्ही कितीदा तरी गेला असाल. या देवीचे मुख पश्चिमेकडे आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ या तारखांना, आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात. गरुडमंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडून ते गाभाऱ्यात पोचतात आणि देवीच्या पायांपासून वर चढू लागतात. हाच किरणोत्सव. परंपरेने हे तीन-तीन दिवस सांगितले जातात. त्यांच्या आगेमागेही किरण आत येताना दिसतात.

भक्ताला हा सूर्याने केलेला नमस्कार वाटतो. आपण त्याच्या शेजारी उभे राहून तारखांकडे पाहू.

११ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस किती? ४०. आणि २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंत? ४१. दोन्ही उत्सव हिवाळ्यातील अयनदिनाच्या दोन बाजूंना जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत! कारण उघड आहे. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, त्याच जागी तो फेब्रुवारीच्या सुमारास परतताना मावळतो. दोन्ही वेळा त्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सुमारे १७ अंश दक्षिण असते. कोल्हापूरच्या अक्षांशावर अशा वेळी सूर्य पश्चिमबिंदूच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. तेव्हा किरण ज्या वाटेने आत येतात ती वाटही काटेकोर पश्चिमेला नसून जवळपास तितकीच दक्षिणेकडे कललेली आहे, हे देवळात पाऊल न ठेवताही सांगता येते.

उत्सव थोड्याच दिवसांचा का? या काळात मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते. सूर्यबिंबाचा व्यास अर्धा अंश. म्हणजे दोन दिवसांत सूर्य आपल्या बिंबाएवढा बाजूला जातो, आणि वाट अरुंद असल्यामुळे लवकरच दाराच्या चौकटीआड होतो. हीच वाट अयनदिनाच्या मावळतीकडे असती, तर किरण कितीतरी आठवडे येत राहिले असते, कारण तेव्हा सूर्य जवळजवळ जागीच रेंगाळतो.

आणि किरण पायांकडून मुखाकडे का चढतात? सूर्य जसजसा खाली येतो, तसतसा किरणांचा उतार कमी होतो. दाराच्या वरच्या कडेखालून येणारा किरण आधी जमिनीवर पडतो, मग पायांवर, आणि सूर्य क्षितिजाला टेकत आला की सर्वांत वर. मुखावरचा प्रकाश हा दिवसाच्या शेवटच्या मिनिटांचा प्रकाश असतो. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खिद्रापूरचा चंद्र

आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी, खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आहे. बाराव्या शतकातील, शिलाहार राजांच्या काळातले. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताच्या मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचे गोल आकाश उघडे ठेवले आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र बरोबर या वर्तुळावर येतो, ते पाहायला लोक जमतात.

हे कसे घडते? पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. सूर्य जितका दक्षिणेला, साधारण तितका चंद्र उत्तरेला. त्रिपुरी पौर्णिमा बहुधा नोव्हेंबरात येते. तेव्हा सूर्य १७-१८ अंश दक्षिणेला, म्हणून चंद्र सुमारे तितकाच उत्तरेला. आणि खिद्रापूरचे अक्षांश? १६.७! म्हणून मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली असल्याने एखाद्या वर्षी तो थोडा बाजूला राहतो.

पण आता मघाचा धडा आठवा. शिल्पकाराने हे गणित करून छत उघडे ठेवले, असे एवढ्यावरून सिद्ध होते का? नाही. त्या रात्री चंद्र खिद्रापूरच्याच नव्हे, तर वडगावच्या, इचलकरंजीच्या, या अक्षांशावरच्या प्रत्येक गावाच्या डोक्यावर असतो. कोणत्याही वाड्याच्या चौकातून, तुळशीवृंदावनाशेजारी उभे राहून, तो तसाच दिसेल. वर उघडे असलेले छत डोक्यावरचे आकाश दाखवणारच. होमाचा धूर वर जावा म्हणून ते उघडे ठेवले, असेही सांगतात.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी आहे. तेथे एकामागून एक दारे एका सरळ रेषेत आहेत आणि ती रेषा वर्षातील मोजकेच दिवस निवडते. वाट आधी ठरली की तारीख आधी, हे इतिहासकारांवर सोपवू. पण ती वाट डोळ्यांनी पाहून, तारखा लक्षात ठेवून, लोकांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली, हे तर दिसतेच आहे. पंचांग छापून घरोघर येण्याच्या कितीतरी आधीपासून भारतात देवळे, वेद्या आणि वाडे सूर्य पाहून बांधले जात होते. दगडात जपलेले मोजमाप म्हणून या वाटेला मोल आहे.

एका मजल्याची किंमत

हे मोजमाप आज धोक्यात आहे. गेल्या काही वर्षांत किरणोत्सवाच्या काही दिवशी किरण मुखापर्यंत पोचले नाहीत. ढग, हवेतील धूळ व बाष्प ही कारणे असतातच. पण महाद्वाराच्या पश्चिमेकडे किरणांच्या वाटेत आलेल्या इमारतींचे अडथळे हेही एक कारण आहे. कोल्हापुरातील महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी प्रकाशमापक घेऊन या दिवसांत किरणांची तीव्रता मोजतात, अडथळे नोंदवतात.

एका मजल्याने कितीसा फरक पडणार, असे कोणाला वाटेल. मोजून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत. समजा, देवळापासून २०० मीटरवर एक घर आहे आणि त्याचे छप्पर किरणांच्या वाटेला नुसते टेकलेले आहे. त्यावर ३ मीटरचा एक मजला चढला. ३ भागिले २०० म्हणजे सुमारे ०.८६ अंश. सूर्यबिंबाच्या पावणेदोनपट! त्या दिवसांत मावळताना सूर्य तासाला सुमारे १३.७ अंश खाली येतो. म्हणजे सूर्य आता जवळजवळ चार मिनिटे आधी मावळला.

चार मिनिटे ही काही मोठी वेळ नव्हे. पण कोणती चार मिनिटे गेली? शेवटची. आणि मुखावर प्रकाश चढतो तो शेवटच्याच मिनिटांत. किरण आत सोडणारी दाराची कड मूर्तीपासून ३० मीटरवर आहे असे धरा आणि समरूप त्रिकोण काढा. २०० मीटरला ३ मीटर, तर ३० मीटरला ४५ सेंटिमीटर. मूर्तीची उंची सुमारे तीन फूट. म्हणजे एका मजल्याने निम्म्या मूर्तीवरचा प्रकाश पुसला! देवळाचा एकही दगड हलवला नाही, तरी त्याच्या रचनेतील प्राण गेला. इमारत भिंतींपाशी संपत नाही. तिच्यासमोरचे आकाशही तिचाच भाग असते.

त्या मजल्यात राहणाऱ्या माणसालाही डोक्यावर छप्पर हवेच, त्याला दोष देऊन भागत नाही. पण कोणत्या छपराने किती अंश अडतात हे मोजलेले असेल, तर नगररचना करणाऱ्यांना निर्णय घेता येतो. नुसत्या भावनेने भांडण होते, मोजमापाने मार्ग निघण्याची शक्यता तरी निर्माण होते.

तुम्ही काय कराल?

शाळेच्या मैदानावर किंवा घराच्या परड्यात शंकू रोवा आणि एका दिवसात खरी पूर्व-पश्चिम रेषा काढा. मग घराचे दार, गावातील देऊळ, मशीद, जुना वाडा यांचे दर्शनी भाग त्या रेषेशी किती अंशांचा कोन करतात, ते वहीत मांडा. मोबाइलमधील होकायंत्रही वापरा आणि शंकूच्या उत्तराशी ताडून पाहा. आपल्या भागात चुंबकीय दिक्पात सुमारे एका अंशाचाच असल्याने फरक थोडा येईल. तो जास्त आला, तर जवळ लोखंडी दार किंवा मोटारसायकल नाही ना, ते पाहा.

मावळतीची जागा एका ठरलेल्या ठिकाणाहून दर रविवारी नोंदवा. एखादे झाड, पाण्याची टाकी, डोंगराची सोंड अशी खूण धरा. सूर्याकडे मात्र नुसत्या डोळ्यांनी टक लावून पाहू नका. बिंब खाली गेल्यावर जागा टिपली तरी चालते. आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री अंगणात उभे राहून चंद्र कोठे आहे ते पाहायला विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती. या नोंदी एका वर्षाच्या वहीत संपवू नका. पुढच्या वर्गाला द्या. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या, तर गावातील कोणत्या नव्या इमारतीने कोणाची मावळती अडवली, हेही त्यांतून वाचता येईल.

आणि घरात कधी दाराच्या दिशेची चर्चा निघाली, वडीलधाऱ्यांच्या मनात दक्षिणेची भीती असली, तर वाद घालू नका. त्यांना बीजिंगच्या त्या घराची गोष्ट सांगा. तेथे घरातील थोर मंडळी दक्षिणेकडे दार असलेल्या खोलीत, उन्हात बसून आयुष्य काढत होती. मग अंगणात रोवलेल्या काठीपाशी त्यांना घेऊन जा आणि विचारा, आपल्या दारातून ऊन कधी आणि कुठवर येते, पाऊस कोणत्या बाजूने आत येतो, वारा कोणीकडून येतो. दार कोठे असावे, हे ठरवायला ही माहिती हाताशी असलेली बरी. भिंत पाडायला पैसे लागतात. काठी रोवायला काही लागत नाही.